तिसऱ्या लिफ्टवरचा क्लॅम्प

पहाटे 3:50. यूएईतल्या अल ऐनच्या सनैयातला, म्हणजे औद्योगिक भागातला, लेबर कॅम्प. जुलै महिना, या वेळेलाही अंगाला घाम. बाथरूमच्या रांगेत भिंतीवर लघवीच्या रंगांचा तक्ता लावलाय: फिकट असेल तर ठीक, गडद असेल तर पाणी प्या. सेफ्टी ऑफिसर रांगेतच उभा. नाशिककडचा, तिशीतला. शीवच्या सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूटमधून डिप्लोमा केला, त्यावर नेबॉशचं सेफ्टी सर्टिफिकेट. साइटवर त्याला कुणी नावाने हाक मारत नाही. सगळ्यांचा तो 'सेफ्टी'.

4:35. बस सुटते. निम्मे लोक हेल्मेट मांडीवर ठेवून पुन्हा झोपतात. डब्यात काल रात्रीचा भात आणि डाळ. उजाडायला अजून तासभर आहे.

5:30. अल ऐनच्याच हिली भागात दुमजली इमारतीचं काम. टूलबॉक्स टॉक दहा मिनिटांचा, हिंदीत. आज विषय उन्हाचा. साडेबारा ते तीन उघड्यावर काम बंद, 15 जून ते 15 सप्टेंबर. मोडलं तर कंपनीला माणशी पाच हजार दिरहम दंड. हा आकडा फोरमनलाही पाठ आहे. फोरमन खेडचे, सगळ्यांचे चाचा. तीस वर्षं आखातात काढलीत.

6:20. सेफ्टी पहाडाला फेरी मारतो. पहाड म्हणजे स्कॅफोल्डिंग. हिरवा टॅग असेल तर चढायचं, लाल असेल तर नाही. बेस प्लेट, ब्रेसिंग, शिडीची दोरी हाताने ओढून बघतो. तिसऱ्या लिफ्टपर्यंत, म्हणजे पहाडाच्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत, तो पोचत नाही. खाली कुणीतरी हाक मारतं, ग्राइंडरला गार्ड नाही म्हणून.

8:10. क्लॅम्प पडतो.

वरचा फिटर पाइप सोडवत होता. सुटलेले क्लॅम्प फळीच्या कडेला ठेवत होता. एक घरंगळला. लोखंडी, साधारण किलोभर वजनाचा. सहा मीटरवरून जमिनीला लागेपर्यंत त्याचा वेग ताशी चाळीस किलोमीटरच्या आसपास जातो. तो हेल्परच्या बुटापासून वीतभर लांब मातीत रुतला. हेल्परने आधी वर पाहिलं, मग बूट पाहिला, मग हसला. दोघेतिघेही हसले. फिटर वरून ओरडला, "लगा क्या?" "नहीं लगा." कामाला लागले.

एरवी गोष्ट इथेच संपते. लागलं नाही म्हणजे झालं नाही.

8:25. सेफ्टी येतो तेव्हा क्लॅम्प परत वर गेलेला असतो. मातीतला खड्डा तेवढा राहिलाय. तो हेल्परला बाजूला घेतो. हेल्परचा पहिला प्रश्न: "साब, पैसा कटेगा?" पगार नऊशे दिरहम. एका दिवसाचे तीस. तीस दिरहम म्हणजे घरी बोलायचं रिचार्ज आणि आठवडाभराची भाजी. "नहीं कटेगा. नाम भी नहीं लिखूँगा." हेल्पर मान डोलावतो. त्याचा विश्वास बसलेला दिसत नाही.

9:00. नाश्ता. कागदी कपात कडक चहा, एक दिरहम. सेफ्टी निअर मिसच्या, म्हणजे थोडक्यात टळलेल्या अपघातांच्या, पेटीतली कार्डं काढतो. ऑफिसचा नियम आहे, माणशी महिन्याला एक कार्ड. त्यामुळे महिनाअखेर एकाच अक्षरात दहा-बारा कार्डं निघतात: 'बाटलीचं झाकण उघडं होतं.' सेफ्टीच्या वर्गात सगळ्यांना हाइनरिखचा त्रिकोण शिकवतात, 1931 सालचा: एका मोठ्या अपघातामागे 29 छोटे आणि 300 बिनइजेचे. त्या आकड्यांच्या मूळ नोंदी नंतर कुणालाच तपासायला मिळाल्या नाहीत. तरी कार्डांचं टार्गेट त्याच हिशेबाने बेतलं जातं, आणि मग बाटल्यांची झाकणं मोजली जातात.

10:15. आता खरं काम. क्लॅम्पच्या कार्डावर कुणीतरी आधीच लिहून ठेवलंय: 'हेल्परचा निष्काळजीपणा. पहाडाभोवतीच्या धोक्याच्या टेपच्या आत उभा होता.' सेफ्टी ते वाचतो आणि पुन्हा त्याच जागी जाऊन उभा राहतो. दोन मिनिटांत कळतं. सकाळच्या उन्हात इमारतीच्या त्या बाजूला एकच सावली आहे, पहाडाच्या खाली. पाण्याचा कूलरही तिथेच ठेवलाय, पाणी गरम होऊ नये म्हणून. माणूस पाणी प्यायला टेपखालून वाकून आत जातो. दिवसातून दहा वेळा. आपणच त्याला सकाळी सांगितलंय, पाणी प्या.

मग वर. तिसऱ्या लिफ्टला टो बोर्ड नाही. फळीच्या कडेला उभी पट्टी असती तर क्लॅम्प अडला असता. काल प्लास्टरच्या बादल्या आत घ्यायला ती कुणीतरी काढली आणि परत लावली नाही. टॅग मात्र हिरवाच. सेफ्टी तो काढून लाल लावतो. फिटर कुरकुरतो. काम थांबलं की ओव्हरटाइमची आशा जाते.

12:30. शिट्टी. सगळे शेडमध्ये. पारा 46. जेवण, मग जमिनीवर पुठ्ठे टाकून झोप. सेफ्टी लॅपटॉपवर रिपोर्ट टाइप करतो.

3:00. चार माणसं कूलर उचलतात आणि इमारतीच्या मागे नेतात. वर ताडपत्री बांधतात. खर्च: ताडपत्री स्टोअरमधली जुनी, दोरी तीन दिरहमची. टो बोर्ड लावायला फिटरला वीस मिनिटं लागतात. क्लॅम्प ठेवायला रिकामी बादली, कडी दोरीने बांधलेली. टॅग पुन्हा हिरवा.

4:40. चाचा रिपोर्ट वाचायला मागतात. चष्मा काढून, कागद लांब धरून वाचतात. 'टो बोर्ड कुणी काढला' या रकान्यात 'माहीत नाही' आहे.

"हे खोड," चाचा म्हणतात. "मीच काढायला सांगितला होता. प्लास्टरवाले खोळंबले होते."

"चाचा, नाव लागतंच असं नाही."

"नाव नको लिहू. फोरमनने सांगितलं, असं लिही. नाहीतर उद्या टॉकला पोरं प्लास्टरवाल्याला धरतील." ते कागद परत देतात. "आणि उद्या मला पाच मिनिटं दे. मी सांगतो त्यांना, पट्टी काढली की माझ्याकडे यायचं. टॅग कोण फिरवणार तेही ठरवू, तू दर वेळी ग्राइंडरकडे पळतोस."

सेफ्टी ओळ खोडतो आणि नवी लिहितो.