मेंदूचा फोटो आणि लेकराची शाळा

गेल्या पावसाळ्यात भोकरच्या आमच्या वस्तीत एक गोष्ट घडली. ती एका घराची असली तरी अशी घरे पुष्कळ आहेत, म्हणून येथे सांगत आहोत. चौथीत शिकणारी एक मुलगी शाळेत प्रार्थनेच्या वेळी खाली कोसळली. उजवा हात झटके देऊ लागला, तोंड वाकडे झाले, तोंडाला फेस आला. कुणी कांदा हुंगवला, कुणी चप्पल नाकाशी धरली, कुणी मुठीत किल्ल्यांचा जुडगा दिला. दोन-तीन मिनिटांत झटके थांबले आणि पोर गाढ झोपली. घरी आणल्यावर एका म्हातारीने निर्णय देऊन टाकला, "बाहेरचं हाय, लिंबू उतरवा."

बाप मोंढ्यात हमाली करणारा, माय दुसऱ्याच्या रानात निंदायला जाणारी. चार दिवसांनी दुसरी फिट आली तेव्हा मात्र दोघे पोरीला घेऊन नांदेडला गेले. डोक्याचा सिटी स्कॅन झाला. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, आठवड्याने परत यायला सांगितले. गर्दीत आणखी काही विचारायचे धाडस दोघांना झाले नाही. गावी आल्यावर ओळखीच्या एका शिकलेल्या माणसाने ती काळी फिल्म उजेडाला धरली आणि म्हटले, "मेंदूत गाठ आहे." झाले! बापाने पोरीचे दप्तर माळ्यावर टाकले. "डोकंच गेलं तर शाळा कशाला? घर तरी सांभाळील." दीड महिना पोर शाळेत गेली नाही.

आम्ही भेटायला गेलो तेव्हा मायने उशाखालून फिल्म काढून आमच्यापुढे ठेवली आणि विचारले, "दादा, ह्या फोटूत लेकराची अक्कल दिसती का हो?"

प्रश्न साधा आहे, पण जगभरचे मोठे डॉक्टरही गेली कित्येक वर्षे त्याचेच उत्तर शोधत आहेत. जे उत्तर आजवर मिळाले आहे ते आपल्या घराघरात पोहोचले पाहिजे.

सिटी स्कॅन म्हणजे क्ष-किरणांनी डोक्याचे चकत्या-चकत्यांसारखे काढलेले फोटो. गॉडफ्रे हाऊन्सफिल्ड या इंग्रज तंत्रज्ञाने हे यंत्र बनविले. १९७१ साली लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचा मेंदू त्यातून पाहिला गेला आणि १९७९ साली हाऊन्सफिल्ड व ॲलन कॉर्मॅक यांना नोबेल पारितोषिक मिळाले. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. मोठ्या लोहचुंबकाच्या साहाय्याने फोटो निघतो आणि मेंदूचे बारकावे त्यात अधिक स्पष्ट दिसतात. ईईजी मात्र फोटो नव्हे. डोक्याला तारा लावून मेंदूतील विजेच्या लहरींची नोंद घेणारी ती तपासणी आहे. या तपासण्या मेंदूची घडण, जखम, सूज, गाठ, साचलेले पाणी किंवा लहरींतील बिघाड दाखवतात. लेकरू पाढे पाठ करील की नाही, गोष्ट सांगेल की नाही, हे त्यांत लिहिलेले नसते.

आता त्या 'गाठी'विषयी. आपल्या देशात फिट येणाऱ्या अनेक मुलांच्या सिटी स्कॅनमध्ये असा एकच छोटा, कडीसारखा ठिपका सापडतो. पूर्वी त्याला क्षयाची गाठ समजत आणि मुलांना महिनोन्‌महिने क्षयाची औषधे देत. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील डॉ. चंडी, डॉ. राजशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०-९० च्या सुमारास असे ठिपके काढून तपासले. त्यांपैकी बहुतेक क्षयाचे नव्हते. ते पट्टकृमीच्या, म्हणजे चपट्या जंताच्या, मरू घातलेल्या अळीचे होते. असा ठिपका बहुतेक मुलांत काही महिन्यांत आपोआप आटतो किंवा खडूच्या कणासारखा होऊन राहतो. आमच्या वस्तीतल्या पोरीच्या डोक्यात तोच होता. पुढच्या खेपेला आम्ही सोबत गेलो आणि डॉक्टरांनीच हे समजावून सांगितले.

येथे एक गैरसमज मुळापासून उपटला पाहिजे. हा जंत डुकराचे मांस खाणाऱ्यांना होतो असे सांगून आपल्या वस्त्यांकडे बोट दाखवले जाते. कच्चे राहिलेले मांस खाल्ल्याने जंत आतड्यात होतो, हे खरे. परंतु मेंदूत अळी जाते ती जंताची अंडी पोटात गेल्याने, आणि ती अंडी येतात माणसाच्या विष्ठेतून. न धुतलेले हात, घाण पाण्यावर वाढलेली पालेभाजी, उघड्यावरचे शौच हे त्यांचे रस्ते. म्हणूनच जन्मात मांसाला न शिवलेल्या घरातील मुलालाही हा आजार होतो. दोष कुणाच्या ताटाचा नाही. संडास, स्वच्छ पाणी आणि साबण यांची सोय नसणे हे खरे कारण आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. फोटो आणि बुद्धी यांचा काहीच संबंध नाही असे नाही. न्यूझीलंड व ऑस्ट्रेलियातील डॉक्टरांनी फार लवकर जन्मलेल्या १६७ बाळांच्या मेंदूचे एमआरआय काढले आणि दोन वर्षांची झाल्यावर ती मुले पुन्हा तपासली. २००६ साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ज्यांच्या मेंदूच्या पांढऱ्या भागात जास्त बिघाड होता, त्यांना चालण्या-बोलण्यात व समजण्यात मागे पडण्याचा धोका अधिक होता. परंतु वाईट फोटो असलेली काही मुले चांगली वाढली, आणि चांगला फोटो असलेली काही मागे राहिली. म्हणजे फोटो धोक्याची सूचना देतो, निकाल देत नाही. जन्मताना न रडलेले, मेंदूज्वर होऊन गेलेले किंवा मेंदूच्या लकव्याचे मूल असेल तर ही सूचना उपयोगाची असते. तिच्या आधारे व्यायाम, बोलण्याचा सराव, कानाची व डोळ्यांची तपासणी लवकर सुरू करता येते. लहान वयात मेंदू लवचिक असतो. एक भाग दुखावला तर दुसरा भाग काही काम उचलतो. सगळेच काम उचलतो असे नाही, पण हात जोडून बसण्याचे कारण नाही.

बुद्धी कशी आहे हे पाहायचे तर मुलाशी बोलून, खेळवून, चाचणी घेऊनच पाहावे लागते. या चाचण्या आपल्या भाषेत असाव्यात, हा विचार नवा नाही. व्ही. व्ही. कामत यांनी मराठी व कानडी मुलांसाठी बिने यांच्या चाचणीची नवी मांडणी केली आणि १९४० साली त्यावर पुस्तक लिहिले. 'बिने-कामत' चाचणी आजही वापरतात. तरीही पालकांनी सावध असावे. भोकरचे लेकरू घरात जी बोली बोलते ती शहरातल्या चाचणीत नसते. घाबरलेले, उपाशी किंवा गोळ्यांच्या गुंगीत असलेले मूल कमी गुण मिळवते. तो आकडा त्या दिवसाचा असतो.

फिटवरील काही औषधांनी सुस्ती येते, लक्ष लागत नाही, चिडचिड होते. असे दिसले तर डॉक्टरांना सांगावे, औषध बदलता येते. आपल्या मनाने गोळ्या बंद करू नयेत. एकदम बंद केल्यास फिट न थांबता सुरू राहण्याचा धोका असतो. वेळेवर औषध घेणाऱ्या दहापैकी सुमारे सात रुग्णांच्या फिट थांबू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. फिट आली तर मुलाला कुशीवर वळवावे, गळ्याचे बटण सैल करावे, घड्याळ पाहावे. तोंडात चमचा, पाणी, बोट काहीही घालू नये. कांदा नको, चप्पल नको. पाच मिनिटांत थांबली नाही तर तडक दवाखाना गाठावा.

फोटोच्या बाबतीतही विचारून चालावे. कर्ज काढून तीन ठिकाणी तीन सिटी स्कॅन करणाऱ्या माणसाला बरे वाटते, पण प्रत्येक वेळी क्ष-किरण मुलाच्या डोक्यात जातात. "या फोटोने उपचारात काय बदलेल?" हा प्रश्न डॉक्टरांना हात न जोडता, ताठ उभे राहून विचारावा. जुनी फिल्म, रिपोर्ट आणि गोळ्यांचे कागद एका पिशवीत जपून ठेवावेत. २०१३ साली पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील व सरकारी शाळेतील मुलांची तपासणी होते. ती टीम येईल त्या दिवशी लेकराला घरी ठेवू नये.

आणि शाळा? सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेतून काढता येत नाही, हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात लिहिलेले आहे. मेंदूचा लकवा, मतिमंदत्व, जुनाट मेंदूविकार हे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत येतात. प्रमाणपत्र मिळाले तर परीक्षेत जादा वेळ मिळू शकतो. मुलीच्या आईला आणखी एक धास्ती असते, लग्नाची. पूर्वी फेफरे हे लग्न रद्द करण्याचे कारण कायद्यात होते. १९९९ साली ते काढून टाकण्यात आले. कायदा बदलला, आता सोयरे-धायरे बदलायचे आहेत.

त्या पोरीचे दप्तर माळ्यावरून खाली आले. बापानेच काढले, धूळ झटकली आणि बोलला नाही. काही महिन्यांनी पुन्हा फोटो निघाला, ठिपका बारीक झाला होता. गोळ्या अजून चालू आहेत. गणितात मात्र ती मागे पडली. बाई म्हणाल्या, भागाकार शिकवला तेव्हा ही वर्गात नव्हती. तिला भागाकार येत नव्हता तो मेंदूतल्या गाठीमुळे नव्हे, दीड महिना माळ्यावर पडलेल्या दप्तरामुळे. आता शेजारचा दहावीतला मुलगा रोज संध्याकाळी तिला भागाकार शिकवतो.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या वस्तीत असे एखादे दप्तर माळ्यावर पडले आहे का, एवढे या आठवड्यात पाहून या.