मिठावरची पकड : विक्रमी वेगाच्या गाड्यांबद्दलचे गैरसमज

जमिनीवरच्या वेगाचा नवा विक्रम झाल्याची बातमी आली की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : इंजिन किती हॉर्सपॉवरचं? सस्पेन्शनबद्दल क्वचितच कुणी विचारतं. टायर जमिनीला किती जोराने मागे रेटू शकतात, हे तर कुणीच विचारत नाही. पण ज्या गाड्या चाकांच्या जोरावर पळतात, त्यांचं सगळं या एकाच प्रश्नावर अडतं. इंजिन कसं असावं आणि ते कुठे बसवावं, स्प्रिंग ठेवावी की नाही, गाडी हलकी असावी की जड, हे सगळं त्या उत्तरावरून ठरतं.

गैरसमज : इंजिनाची ताकद जास्त, तर वेग जास्त.

१९३८च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या युटा राज्यात, बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर दोन इंग्रज आमनेसामने होते. जॉर्ज आयस्टनच्या ‘थंडरबोल्ट’मध्ये रोल्स-रॉइसची विमानशर्यतीसाठी बनवलेली ‘आर’ जातीची दोन इंजिनं होती. दोन्ही मिळून सुमारे ४,७०० अश्वशक्ती आणि गाडीचं वजन सात टनांच्या आसपास. जॉन कॉबच्या ‘रेल्टन’मध्ये नेपियर लायन ही त्या मानाने जुनी, दोन्ही मिळून साधारण २,५०० अश्वशक्तीची इंजिनं. १५ सप्टेंबरला कॉबने ताशी ३५० मैल ओलांडले. दुसऱ्याच दिवशी आयस्टनने ३५७.५ मैल, म्हणजे सुमारे ५७५ किलोमीटर गाठून विक्रम परत घेतला. ताकद जवळजवळ दुप्पट आणि फरक सात मैलांचा. पुढे १९४७मध्ये ‘रेल्टन’ने ३९४ मैलांचा विक्रम केला, तेव्हाही तिच्यात इंजिनं तीच, नेपियर लायन होती.

याचं श्रेय गाडीचा रचनाकार रीड रेल्टन याच्या मांडणीला द्यायला हवं. त्याने इंग्रजी ‘एस’सारखा वळणदार कणा घेतला, त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक इंजिन जरा तिरकं बसवलं आणि एकाकडून पुढची, तर दुसऱ्याकडून मागची चाकं फिरवली. मागच्या चाकांमधलं अंतर पुढच्यापेक्षा कमी ठेवल्याने गाडी मागे निमुळती झाली. रेडिएटर त्याने काढूनच टाकला. रेडिएटरला हवा लागते, हवेसाठी तोंड उघडं ठेवावं लागतं आणि ते उघडं तोंड गाडीला मागे ओढतं. धाव काही मिनिटांत संपणार, म्हणून इंजिनं थंड ठेवायला त्याने बर्फाची टाकी बसवली. इंजिनाची रचना म्हणजे केवळ सिलिंडर आणि पिस्टन नव्हे. ते कुठे बसतं, किती जागा खातं आणि त्याची उष्णता कुठे जाते, हेही त्यातच आलं.

हवेला कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. वेग ३०० मैलांवरून ४०० मैलांवर न्यायचा तर निव्वळ हवेसाठीच जवळजवळ २.४ पट ताकद हवी. ती इंजिनातून आणण्यापेक्षा गाडीचा समोरून दिसणारा आकार लहान करणं केव्हाही स्वस्त. कॅलिफोर्नियाच्या बॉब आणि बिल समर्स या भावांनी ‘गोल्डनरॉड’मध्ये चार क्रायस्लर हेमी इंजिनं एकामागे एक, एका ओळीत बसवली, ती याचसाठी. गाडी ३२ फूट लांब आणि अवघी चार फूट रुंद झाली. १२ नोव्हेंबर १९६५ला तिने ४०९.२७७ मैल, म्हणजे ताशी ६५८ किलोमीटरहून अधिक वेग नोंदवला, तोही सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा कोंबणारं यंत्र) न लावता. चाकांच्या जोरावर पळणाऱ्या गाड्यांना त्या आकड्याच्या थोडं पुढे जायला १९९१ साल उजाडलं, आणि ज्या अल टीगने ते केलं त्याच्या गाडीत सुपरचार्जर लावलेलं एकच हेमी इंजिन होतं.

गैरसमज : गाडी जितकी हलकी, तितकी वेगवान.

रस्त्यावरच्या शर्यतीत हे खरं आहे, पण मिठावर अनेकदा उलट घडतं. बॉनव्हिलला येणाऱ्या कितीतरी गाड्यांमध्ये शिसं किंवा लोखंडाची वजनं मुद्दाम भरलेली असतात.

एक हिशेब करून पाहू. गाडीचं वजन अडीच टन आहे, चारही चाकं इंजिनाने फिरतात आणि ओलसर मिठावरचं घर्षण वजनाच्या निम्म्याएवढं आहे, असं धरा. मग टायर जास्तीत जास्त सव्वा टनाचा रेटा देऊ शकतात, त्याहून कणभरही जास्त नाही. तीन हजार अश्वशक्ती ताशी १६० किलोमीटरला चाकांवर ओतली तर रेटा पाच टनांच्या वर जाईल आणि चाकं जागच्या जागी गरगरतील. ३२० किलोमीटरलाही तो अडीच टनांच्या वर असतो. सव्वा टनापर्यंत उतरायला वेग ६५० किलोमीटरच्या आसपास जावा लागतो. म्हणजे एवढं इंजिन पूर्ण ताकदीने वापरण्याची वेळ धावेच्या अगदी शेवटी येते. गाडी फक्त मागच्या चाकांवर चालत असेल तर ती वेळ बहुधा येतच नाही.

आता वजन वाढवून बघा. वजन वाढलं तसा रेटाही त्याच प्रमाणात वाढला, म्हणजे तेवढ्यापुरता वेग पकडण्याचा दर होता तिथेच राहिला. हवेचा विरोध मात्र वाढला नाही. तोच विरोध आता जास्त वजनावर वाटला गेला, म्हणून पकडीची मर्यादा आहे तोवर जड गाडी वेग थोडा लवकर घेते. इंजिन कमी पडू लागलं की हे गणित फिरतं, कारण तिथून पुढे वजन म्हणजे निव्वळ ओझं. किती वजन भरायचं हे त्यामुळे इंजिन, मैदानाची लांबी आणि त्या दिवशीचं मीठ यांवर ठरतं. माझ्या मते या खेळातला सगळ्यात कसबी निर्णय हाच आहे, आणि प्रेक्षकांना तो कधी दिसत नाही.

एवढ्यासाठी फॉर्म्युला वनसारखे पंख लावून गाडी खाली का दाबत नाहीत, असं विचारलं जातं. पंखाने दिलेला दाब हवेचा विरोध वाढवून मिळतो. शिसं तो विरोध न वाढवता तेवढाच दाब देतं, आणि मिठावर वळणं नसल्याने जड गाडीचा जो तोटा वळणावर होतो तो इथे होतच नाही.

गैरसमज : मिठाचं मैदान आरशासारखं सपाट, मग सस्पेन्शन हवं कशाला?

हा गैरसमज खेळातल्या माणसांमध्येही आहे आणि त्याला थोडा आधारही आहे. बॉनव्हिलच्या अनेक गाड्यांचा मागचा अ‍ॅक्सल चासीला थेट, घट्ट बसवलेला असतो, मध्ये स्प्रिंग नाही. बांधणी सोपी होते, गाडीची उंची हलत नाही आणि मध्यम वेगात हे चालूनही जातं.

अडचण वेगाबरोबर येते. मिठावर डोळ्यांना न दिसणाऱ्या लांब लाटा असतात. दर नऊ मीटरवर एक हलका उंचवटा आहे असं धरा. ताशी ६० किलोमीटरला तो सेकंदाला दोनदाही लागत नाही. ६४० किलोमीटरला तोच उंचवटा सेकंदाला जवळजवळ वीस वेळा खालून ठोसा देतो. स्प्रिंग नसेल तर तो ठोसा फक्त टायर झेलतो, आणि या गाड्यांचे टायर आधीच ताठ ताणलेले असतात : हवा प्रचंड दाबाची आणि वरचं रबर मुद्दाम पातळ, कारण जाड रबर एवढ्या फेऱ्यांना स्वतःच्याच वजनाने उखडून जाईल. असा टायर फारसा दबत नाही, त्यामुळे चाक क्षणभर मिठावरून उचललं जातं.

त्या क्षणी दोन गोष्टी होतात. हवेतल्या चाकाला विरोध नसल्याने इंजिन त्याला एकदम जास्त फिरवतं, आणि ते खाली टेकतं तेव्हा घसरत टेकतं. घसरणाऱ्या टायरची पुढची पकड कमी होते, बाजूची तर जवळजवळ संपते. गाडीचं शेपूट सरळ रेषा सोडतं, ते इथून. चालकाने स्टिअरिंग वेडंवाकडं केलं म्हणून गाडी फिरली असा निष्कर्ष नेहमी काढला जातो, पण बऱ्याचदा कारण त्याआधी चाकाखाली घडून गेलेलं असतं. म्हणून मोठ्या वेगाच्या गाडीला सस्पेन्शन हवं, पण चालकाच्या आरामासाठी नव्हे. हालचाल थोडीशीच, शॉक-अब्सॉर्बर कडक, आणि काम एकच : टायर मिठाला चिकटून ठेवणं.

इथे एक पथ्य आहे. सस्पेन्शनमुळे गाडीचं नाक वर-खाली होता कामा नये. नाक अंशभर उचललं तरी खालून शिरणारी हवा पुढच्या चाकांवरचा भार काढून घेते. गाडीचा गुरुत्वमध्य पुढे आणि हवेच्या दाबाचा मध्य मागे हवा, ते गाडी सरळ आणि स्थिर राहावी म्हणून. बाणाचं टोक जड आणि पिसं मागे असतात, तसं. बहुतेक गाड्यांना मागे उभा पंख असतो आणि भरलेलं वजन नाकात असतं, त्याचं कारण हेच.

गैरसमज : जेटवर पळणाऱ्या गाडीत चाकं आणि सस्पेन्शन नावापुरतीच.

१५ ऑक्टोबर १९९७ रोजी नेवाडातल्या ब्लॅक रॉक वाळवंटात अँडी ग्रीनने ‘थ्रस्ट एसएससी’ ताशी १,२२७.९८५ किलोमीटर वेगाने नेली आणि जमिनीवर ध्वनीचा वेग अधिकृतपणे ओलांडला. फँटम लढाऊ विमानाच्या ब्रिटिश आवृत्तीतली दोन रोल्स-रॉइस स्पे इंजिनं तिला ढकलत होती. चाकं इंजिनाला जोडलेलीच नव्हती, म्हणजे वर सांगितलेला घर्षणाचा हिशेब इथे लागू नाही. तरीही या गाडीतलं सगळ्यात अवघड काम सस्पेन्शनचंच होतं. ध्वनीच्या वेगाजवळ गाडीखालच्या आघातलहरी जागा बदलतात, त्यांच्याबरोबर हवेचा भार पुढे-मागे सरकतो आणि गाडी नाक उचलायला किंवा खुपसायला बघते. म्हणून गाडीचे रचनाकार रॉन एअर्स आणि सहकाऱ्यांनी संगणकाच्या आज्ञेवर चालणारं हायड्रॉलिक सस्पेन्शन बसवलं आणि त्याच्याकडून गाडीचा कोन सांभाळून घेतला.

मोठी इंजिनं पुढे दोन्ही बाजूंना आल्यावर पुढची चाकं वळवायला जागा उरली नाही, म्हणून स्टिअरिंग मागच्या चाकांना दिलं. ही चाकं एकमेकांच्या शेजारी नव्हे, तर पुढे-मागे बसवलेली होती. हे जमेल का, हे पाहायला आधी एक मिनी मोटार मागच्या चाकांनी वळेल अशी करून तपासली होती.

ध्वनीचा वेग त्यांनी १३ ऑक्टोबरलाच ओलांडला होता. पण नियमानुसार उलटसुलट दोन्ही धावा एका तासात व्हाव्या लागतात, आणि ती वेळ सुमारे मिनिटभराने हुकली.

गैरसमज : डिझेल इंजिन संथ कामाचं, वेगाशी त्याचा संबंध नाही.

आपल्याकडे गावोगाव खोदकामाला येणाऱ्या पिवळ्या यंत्राला कंपनीचंच नाव पडलं आहे. त्या जेसीबीचा एक कारखाना पुण्याजवळ तळेगावला आहे. याच कंपनीने खोदयंत्रासाठी बनवलेल्या चार सिलिंडरच्या डिझेल इंजिनावर बेतलेली दोन इंजिनं ‘डिझेलमॅक्स’ गाडीत बसवली. प्रत्येकातून सुमारे ७५० अश्वशक्ती काढली होती. एक इंजिन पुढच्या चाकांना, दुसरं मागच्या चाकांना. २३ ऑगस्ट २००६ रोजी बॉनव्हिलला याच अँडी ग्रीनने तिला ताशी ५६३.४ किलोमीटर पळवलं. गिअर इतके उंच ठेवले होते की गाडीला आपल्या बळावर सुरुवात करणं जड जाई, म्हणून जेसीबीचाच एक ट्रॅक्टर तिला मागून ढकलून वेग द्यायचा.

गैरसमज : मैदान निसर्गाने तयार दिलेलं असतं.

बॉनव्हिलचं मीठ वर्षानुवर्षं पातळ होत आहे. तिथला ‘स्पीड वीक’ हा वेगाचा मेळावा २०१४मध्ये पावसामुळे रद्द झाला आणि २०१५मध्ये मिठाच्या वाईट अवस्थेमुळे. ही चिंता या खेळाबाहेर फारशी पोहोचलेली नाही, ती पोहोचायला हवी, कारण असं मीठ मागवून आणता येत नाही. शिवाय मैदान तयारही करावं लागतं : दक्षिण आफ्रिकेतल्या हाकस्कीन पॅन या कोरड्या तळ्यावर ‘ब्लडहाउंड’ गाडीसाठी स्थानिक मियर समाजाच्या तीनशेहून अधिक माणसांनी १६,५०० टन दगड हातांनी वेचून काढले. त्या मैदानावर २०१९मध्ये गाडीने ताशी १,०१० किलोमीटर गाठले. तिची चाकं भरीव अ‍ॅल्युमिनियमची आहेत, प्रत्येकी सुमारे ९५ किलोची. हजार मैलांच्या ठरवलेल्या वेगाला ती मिनिटाला दहा हजारांहून जास्त फेरे घेतील आणि त्यांच्या कडेवर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे पन्नास हजार पट ताण येईल, म्हणून तिथे रबर वापरायचा प्रश्नच नव्हता. धातूच्या चाकाखाली टायरइतकाही लवचिकपणा उरत नाही, त्यामुळे जमिनीवर राहिलेला एक दगडही सस्पेन्शनला सरळ घाव घालेल. हातांनी वेचलेले ते दगड गाडीच्या रचनेचाच भाग होते.