नळाआधी जागं होणारं शरीर

औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, शहागंजमधल्या मोठ्या हौदाचं काम सय्यद हुसेन अलीने सुरू केलं, ते १७१४ ते १७१९ या त्याच्या सुभेदारीच्या काळात. इतिहासकार खाफी खानाने ही नोंद करताना आवर्जून लिहिलं, की उन्हाळ्यात पाणी आटलं म्हणजे या हौदामुळे लोकांचे हाल कमी होतात. त्याला तीनशे वर्षं उलटून गेली. पैठणला नाथसागर झाला, तिथून शहरापर्यंत जलवाहिन्या आल्या, नव्या योजनेचा आकडा १६८० कोटींवरून २७४० कोटींवर गेला. तरी या शहरातल्या असंख्य घरांनी वर्षानुवर्षं आठवड्यातून एकदा, कधी त्याहूनही उशिरा येणाऱ्या पाण्यावर संसार केला. त्यातच जलवाहिनी फुटली, वीज गेली, की आलेला वार पुढे सरकतो.

अशा घरात पाण्याच्या दिवशी गजराआधीच जाग येते. रात्रभर झोप लागल्यासारखी वाटते, पण पहाटे डोळे उघडतात तेव्हा जबडा आवळलेला असतो, खांदे कानांकडे ओढलेले असतात. नळ अजून कोरडाच असतो. याचा खुलासा जर्मनीतल्या ल्यूबेक विद्यापीठात यान बॉर्न यांनी १९९९ मध्ये केलेल्या एका प्रयोगात सापडतो. स्वयंसेवकांना एका रात्री सांगितलं, की तुम्हाला सहाला उठवू. दुसऱ्या एका रात्री नऊची वेळ दिली, पण प्रत्यक्षात उठवलं सहालाच. सहाची वेळ माहीत होती त्या रात्री त्यांच्या रक्तात, गाढ झोपेतच, साधारण तासभर आधीपासून एसीटीएच हे संप्रेरक वाढू लागलं होतं. हे संप्रेरक मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथींना कॉर्टिसोल सोडायला लावतं. नऊची वेळ दिलेल्या रात्री अशी वाढ दिसली नाही. म्हणजे माणूस झोपलेला असतानाही शरीर उद्याची तयारी करतं. त्या स्वयंसेवकांना निदान घड्याळातली वेळ तरी ठाऊक होती. ‘पहाटे कधीतरी येईल’ एवढंच माहीत असलेल्या शरीराने किती वाजता तयार व्हायचं?

ताण म्हटला की आपल्याला डोक्यातली काळजी आठवते. मला वाटतं, घोळ तिथेच होतो. ‘कसलं टेन्शन, मी तर मजेत आहे,’ असं म्हणणाऱ्या माणसाची मान बोटांनी चाचपून पाहावी. मानेपासून खांद्याकडे उतरणारा स्नायू दोरीसारखा ताठ लागतो. जबडा सैल असताना ओठ मिटलेले असले तरी वरचे आणि खालचे दात एकमेकांना टेकत नाहीत. हे वाचताना तुमचे टेकले असतील, तर आत्ताच सोडा. दुपारी कानशिलं ठणकण्याचं, डोक्याभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटण्याचं मूळ बऱ्याचदा या आवळण्यात असतं, आणि आपण मात्र चष्म्याचा नंबर बदलून बघतो.

पोटाचं गणित आणखी मजेदार आहे. ताणाच्या वेळी मेंदूत जे रसायन सुटतं, त्याने जठर रिकामं होण्याची गती मंदावते आणि मोठ्या आतड्याची वाढते. त्यामुळे एकाच माणसाला वर जेवण तसंच बसल्यासारखं वाटतं आणि खाली संडासला पळावं लागतं. तो पित्ताची गोळीही घेतो आणि जुलाबाचीही. अ‍ॅड्रेनलिनचं काम मिनिटांचं असतं. छाती धडधडते, तळहात ओले होतात, मग ओसरतं. कॉर्टिसोल मागून येतं, ताणानंतर वीस-तीस मिनिटांनी शिखर गाठतं आणि बराच वेळ रेंगाळतं. केसांचा हिशेब तर महिन्यांनी चुकता होतो. मोठ्या ताणानंतर दोन-तीन महिन्यांनी कंगव्यात गुंता दिसू लागतो. तोवर मूळ प्रसंग विस्मरणात गेलेला असतो आणि दोष शाम्पूवर येतो.

आता शहागंजच्या चौकात हातगाडी लावणाऱ्याचाही ताण घ्या. धंदा कमी होणं त्रासाचं आहेच. पण अतिक्रमणवाल्यांची गाडी आज येईल की नाही, हे न कळणं अधिक पोखरतं. हा नुसता अंदाज नाही. १९७० च्या सुमारास अमेरिकेत जे वाइस यांनी उंदरांना विजेचे सारखेच झटके दिले. एका गटाला आधी इशारा मिळे, दुसऱ्याला नाही. इशारा न मिळालेल्यांच्या जठरात जखमा कितीतरी जास्त झाल्या. २०१६ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ४५ माणसांना संगणकावर एक खेळ दिला. दगडाखाली साप आहे का ते ओळखायचं, साप निघाला की हाताला झटका बसणार. घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्यांचा विस्तार मोजला. झटका नक्की बसणार हे कळलं तेव्हा ताण कमी होता. बसण्याची शक्यता निम्मी-निम्मी असताना तो सर्वाधिक होता.

बोलिव्हियातल्या कोचाबांबा शहरात अँबर वूटिश यांनी पाण्याचीच पाहणी केली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात लोकांच्या मनस्तापाचा संबंध घरात किती पाणी आहे याच्यापेक्षा ते मिळण्याच्या व्यवस्थेशी जास्त जुळला. म्हणून पाणी किती दिवसांनी देता यावरची भांडणं रास्त असली, तरी व्हॉल्व्ह कधी सोडणार हे आदल्या रात्री मोबाइलवर कळवणं हासुद्धा आरोग्याचा उपाय आहे, असं मी म्हणेन. त्याला २७४० कोटी लागत नाहीत.

घरी करण्यासारखं एक आहे. त्रास कधी येतो आणि कधी जातो, ते दोन आठवडे कॅलेंडरवर टिपून ठेवायचं. दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी जागा असतेच. मान पाण्याच्या आदल्या रात्री धरते आणि टाकी भरल्यावर सुटते, असं दिसलं तर दिशा कळली. पण सगळं ताणावर ढकलण्याचा उलटा धोकाही आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के महिलांना रक्तक्षय आढळला. जिना चढताना धडधडणाऱ्या बाईला ‘काळजी करू नकोस’ म्हणण्याआधी तिचं हिमोग्लोबिन बघावं, थायरॉइडही बघावं. दरदरून घाम फुटून छातीवर दडपण आलं, हात किंवा जबडा दुखू लागला, तर गॅस म्हणून ओवा चावत बसू नये, थेट घाटी रुग्णालय गाठावं आणि ईसीजी काढून घ्यावा. मन सतत बुडाल्यासारखं राहिलं तर १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक फुकट लागतो, आणि तिथे मराठीत बोलता येतं.

या तपासण्यांबरोबर रक्तदाबही मोजायचा असेल तर पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, न बोलता बसा आणि मगच पट्टा बांधा. मोटार बंद करून, भरलेला ड्रम सरकवून, धापा टाकत मोजलेला आकडा डॉक्टरांना दाखवून उपयोग नाही.