पाठ केलेली उत्तरे आणि सदसद्विवेक

अमेरिकेतील कॅथलिक हायस्कुलांत नीतीचे शिक्षण धर्मशिक्षणाच्या तासाला मिळते. तिथल्या बिशपांच्या परिषदेने २००७ मध्ये या वयाच्या मुलामुलींसाठी सहा मुख्य अभ्यासक्रमांचा आराखडा संमत केला. आधी बायबल, येशूची ओळख, त्याचे कार्य, चर्च आणि संस्कार. ‘ख्रिस्तातील जीवन’ हा नीतीचा अभ्यासक्रम सहावा. हा क्रम योग्यच आहे. कुणाच्या मागे जायचे हे कळले नसेल, तर कसे वागायचे याचे नियम मुलांना कोरडे वाटतात.

पूर्वीची पद्धत वेगळी होती. बाल्टिमोर येथे १८८४ मध्ये भरलेल्या धर्मपरिषदेनंतर १८८५ मध्ये एक प्रश्नोत्तरी निघाली आणि १९६० च्या दशकापर्यंत अमेरिकेतील मुले तीच पाठ करीत होती. प्रश्नोत्तरांतून धर्म शिकवण्याची ही रीत जुनीच. फादर थॉमस स्टीफन्स यांचे कोंकणी ‘दौत्रिना क्रिस्तां’ गोव्यातील राशोल येथे १६२२ मध्ये छापले गेले, तेही संवादरूपच होते. बाल्टिमोरच्या पुस्तकातून मुलांना पक्के कळे, की पाप प्राणघातक ठरायला तीन गोष्टी लागतात : बाब गंभीर हवी, ती गंभीर असल्याची पुरेशी जाणीव हवी आणि मनापासून संमती हवी. पाठांतराला आज नावे ठेवली जातात, पण ऐन प्रसंगी तोंडी आलेले असे एखादे वाक्य आधार देते. उणीव होती ती ‘का’ या प्रश्नाची.

पुढे लंबक दुसऱ्या टोकाला गेला. १९६६ पासून गाजलेल्या ‘मूल्यस्पष्टीकरण’ पद्धतीत शिक्षकाने मुलांना त्यांची मूल्ये शोधायला मदत करायची, निवाडा मात्र द्यायचा नाही. मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोलबर्ग यांचा पेच याच सुमारास वर्गावर्गांत पोहोचला : पत्नी मरणाच्या दारात, औषधवाला अवाच्या सवा किंमत मागतो, पतीने चोरी करावी का? चर्चा रंगत. पण सगळी मते सारखीच खरी असा समज घेऊन मुले उठली, तर नीती शिकवली असे म्हणता येत नाही.

खरा कस सदसद्विवेकबुद्धी शिकवताना लागतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये तिला माणसाच्या अंतःकरणातील गाभारा मानले. तिथे तो देवाबरोबर एकटा असतो. सोळा वर्षांच्या मुलाला यातून ‘माझ्या मनाला पटते ते बरोबर’ एवढेच ऐकू येते. १९९२ चा कॅथलिक श्रद्धाग्रंथ दोन्ही बाजू सांगतो : सदसद्विवेकाच्या निश्चित निर्णयाप्रमाणे वागलेच पाहिजे, पण तो चुकू शकतो, म्हणून त्याला जन्मभर घडवावे लागते. भावना आणि निर्णय यांतला हा फरक एका तासात उमजत नाही.

त्यासाठी थॉमस अक्वायनस यांच्या परंपरेतील कसोटी हाताशी असते : कृती कोणती, हेतू काय, परिस्थिती कशी. परीक्षेत मित्राला उत्तरे दाखवणाऱ्या मुलीचा हेतू मदतीचा असतो. मित्राचे वडील आजारी असतील, तर परिस्थितीमुळे तिचा दोष हलका होऊ शकतो. तरीही कृती फसवणुकीचीच राहते. चांगल्या हेतूने ती चांगली होत नाही. मुले इथे हटकून वाद घालतात आणि शिक्षकाने तो घालू द्यावा. तीच कसोटी घरच्या खोट्याला आणि मोबाइलवर पसरवलेल्या दुसऱ्याच्या छायाचित्राला लावता आली, म्हणजे ती त्यांची झाली.

वैयक्तिक पापापुरते थांबून भागत नाही. गरिबांना अग्रक्रम, मजुरांचे हक्क, सृष्टीची काळजी ही चर्चची सामाजिक शिकवण आहे. अनेक शाळा ठरावीक तास सेवाकार्यही करायला लावतात. मात्र त्यावर वर्गात बोलणे झाले नाही, तर ते हजेरीपुरते उरते. २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी मृत्युदंड अस्वीकार्य असल्याचे श्रद्धाग्रंथात घातले, तेव्हापासून ‘हे बदलले, मग बाकीचे का नाही?’ असा प्रश्न येणे स्वाभाविक आहे. त्याला टाळाटाळीचे उत्तर चालत नाही. माणसाची प्रतिष्ठा हे तत्त्व कायम आहे आणि त्याची समज खोल होत गेली, हे शिक्षकाला उलगडून दाखवावे लागते.

गुण मिळतात ते ज्ञानाला. व्याख्या, कसोट्या, युक्तिवाद तपासता येतात. मूल प्रत्यक्षात कसे वागते ते उत्तरपत्रिकेत उतरत नाही. शाळेतच पापनिवेदनाची सोय असली, तरी तिथे विद्यार्थी जे बोलतो ते धर्मगुरूला कुणालाही, शिक्षकालाही, सांगता येत नाही.