आपलंच रक्त, आपलीच टाच

बँकेत असताना सोनेतारण कर्जाच्या अर्जावरचा 'कारण' हा रकाना मी नेहमी आधी वाचत असे. मुलीचं लग्न, विहीर, दवाखाना. परवा तोच रकाना आमच्या स्वयंपाकघरात समोर आला. पोळ्या करायला येणाऱ्या मावशींनी कणीक मळता मळता विचारलं, ''साहेब, बोरमाळ ठेवली तर किती मिळतील? पोराच्या टाचेला तुमच्यासारखं रक्ताचं इंजेक्शन द्यायचंय.''

त्यांचा मुलगा चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात कंत्राटी कामगार आहे. पहाटे निगडीहून कंपनीची बस, मग जड बूट घालून सिमेंटच्या फरशीवर आठ तास उभं राहणं; ओव्हरटाइम मिळाला तर बारा. पोटरीला टाचेशी जोडणारी जाड शीर चार महिन्यांपासून दुखत होती. सकाळची पहिली दहा पावलं भिंत धरूनच टाकावी लागत.

हे दुखणं माझ्या ओळखीचं. निवृत्तीनंतरच्या उत्साहात दुर्गा टेकडी रोज दोनदा चढून मी ते ओढवून घेतलं होतं. त्यावर मी घेतलेल्या उपचाराला 'पीआरपी' म्हणतात. डेंग्यूच्या साथींमुळे प्लेटलेट हा शब्द आता घराघरांत पोचला आहे. जखम झाली की या पेशी आधी धावतात, रक्त गोठवतात आणि झीज भरून काढणारी द्रव्यं सोडतात. हाताच्या शिरेतून थोडं रक्त काढायचं, यंत्रात गरागरा फिरवायचं, प्लेटलेटनी दाट झालेला पिवळसर भाग वेगळा करायचा आणि दुखऱ्या जागी टोचायचा. टाचेमागच्या शिरेला रक्तपुरवठा मुळात कमी, म्हणून ती सावकाश भरते. तिथे ही कुमक पोचवायची. मला तर हा बँकेतलाच व्यवहार वाटला. आपल्याच खात्यातून काढायचं आणि आपल्याच खात्यात भरायचं!

तीन महिन्यांत मी बरा झालो आणि भेटेल त्याला इंजेक्शनचं कौतुक सांगत सुटलो. मावशींच्या कानांवर ते तिथूनच गेलं. आता मात्र जबाबदारी माझी होती. मी माझ्या डॉक्टरांकडे पुन्हा गेलो, मिळेल ते वाचलं आणि थोडा खजील झालो.

नेदरलँड्समध्ये 54 रुग्णांवर झालेला एक अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. दुखणं माझंच. निम्म्यांना पीआरपी दिलं, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी, आणि व्यायाम मात्र सगळ्यांना. 24 आठवड्यांनी दोन्ही गट सारखेच सुधारले होते. ब्रिटनमध्ये 240 रुग्णांवर असाच प्रयोग झाला. तिथे निम्म्यांना इंजेक्शन दिल्याचा फक्त आभास दिला होता. 2021 मध्ये निष्कर्ष आला: सहा महिन्यांनी फरक नाही. घोट्याच्या संधिवातावर त्याच वर्षी आलेला डच निष्कर्षही तसाच होता. तळपायाच्या टाचदुखीत मात्र काही छोट्या अभ्यासांत पीआरपी स्टेरॉइडपेक्षा सरस ठरलं आहे, म्हणजे सरसकट मोडीत काढण्यासारखंही ते नाही.

आपल्या पिंपरीत 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली. तिथल्या पेनिसिलिनच्या कुपीत किती औषध आहे हे कुपीवर छापलेलं असे. पीआरपीचं तसं नाही. प्रत्येकाचं रक्त वेगळं, यंत्र वेगळं, त्यामुळे मात्राही वेगळी.

मग मला बरं केलं कशानं? इंजेक्शननंतर डॉक्टरांनी विश्रांती आणि जिन्याचा एक व्यायाम सांगितला होता. त्याचा जनक हाकन आल्फ्रेडसन हा स्वीडिश शल्यविशारद. असं सांगतात, की त्याची स्वतःची टाच दुखत होती. पण तो रजेवर गेला तर काम अडेल म्हणून वरिष्ठांनी शस्त्रक्रिया नाकारली. शीर तुटली तर तरी करतील, म्हणून त्यानं ती मुद्दाम ताणली, आणि दुखणंच पळालं! 1998 मध्ये त्यानं 15 हौशी खेळाडूंवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पायरीच्या कडेवर चवडे टेकवून उभं राहायचं, दोन्ही पायांनी वर उचलायचं आणि दुखऱ्या पायावर भार देत टाच हळूहळू पायरीखाली उतरवायची. गुडघा ताठ ठेवून 45 वेळा, वाकवून 45 वेळा, दिवसातून दोनदा. रोजचे 180, बारा आठवडे.

रविवारी मुलगा आला. शीर तुटलेली नाही हे तपासून घेतल्याचे कागद त्याच्याजवळ होते. मी सगळं सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, ''काका, मग तुम्ही का घेतलं?''

''मला परवडत होतं म्हणून,'' मी म्हणालो. दुसरं खरं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

''पायऱ्या आमच्या चाळीत भरपूर आहेत,'' तो हसला. ''पण विश्रांती? चार दिवस गेलो नाही, तर कंत्राटदार दुसरा पोरगा उभा करतो.''

यावर कोणत्या अभ्यासात काय लिहिलंय ते मला सापडलं नाही. बसून करायचं काम काही आठवडे द्यावं, अशी चिठ्ठी डॉक्टरांकडून आणायला मी त्याला सांगितलं आहे. सुपरवायझर ती मानेल की नाही, कोण जाणे.

बोरमाळ तूर्त मावशींच्या गळ्यातच आहे. परवा पोळ्या लाटताना त्या म्हणाल्या, ''पोरगं रात्री जिन्यावर वर-खाली करतंय. शेजारी हसतात.''

''हसू देत,'' मी म्हणालो. ''आज कितवा दिवस?''

''नववा.''