कोपरे न मोजणारा गणिती

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्या दिंद्रुडच्या परिसरातून ऊसतोडीला जाणाऱ्या गाड्या निघतात आणि शाळेतले काही बाक रिकामे होतात. अशाच एका वर्षी आजीजवळ मागे राहिलेल्या एका मुलाने मला विचारलं, ‘सर, कॉम्प्युटरचे प्राध्यापक म्हणजे कॉम्प्युटर दुरुस्त करतात का?’ वर्ग हसला. मला मात्र हसू आलं नाही, कारण गणिताचा शिक्षक असूनही मला पटकन नीट उत्तर सुचेना.

त्याला मी जे पुढे सांगितलं, तेच आज तुम्हाला सांगतो.

या प्राध्यापकांपैकी काहीजण यंत्राला हातही लावत नाहीत. ते ‘अल्गोरिदम’चा अभ्यास करतात. अल्गोरिदम म्हणजे एखादं काम पायरीपायरीने तडीस नेण्याची रीत. आपण शाळेत भागाकार करतो, तीही एक रीतच. नवव्या शतकातल्या अल्-ख्वारिझ्मी या गणितज्ञाच्या नावावरून हा शब्द आला. एकाच कामाच्या दोन रीती असतील, तर कमी पायऱ्यांत उत्तर देणारी कोणती, हे शोधणं आणि सिद्ध करणं हा या मंडळींचा धंदा.

आता आपल्या शिवारातलं उदाहरण घेऊ. मानू की पाच एकर रान आहे आणि हाताशी १ लाख ५ हजार रुपये आहेत. कापसाला एकरी खर्च ३० हजार, नफा ३० हजार. सोयाबीनला खर्च १५ हजार, नफा २० हजार. सगळं सोयाबीन पेरलं, तर नफा १ लाख. सगळा पैसा कापसात घातला, तर साडेतीन एकरच होतो आणि नफा १ लाख ५ हजार. पण दोन एकर कापूस आणि तीन एकर सोयाबीन केलं, तर रानही पुरतं, पैसाही पुरतो आणि नफा होतो १ लाख २० हजार.

कागदावर आकृती काढली तर या साऱ्या शक्यतांचा एक चौकोन होतो आणि सर्वांत चांगलं उत्तर त्याच्या एका कोपऱ्यावर सापडतं. इथे कोपरे चारच आहेत. पण विमान कंपनीला, टेलिफोनच्या जाळ्याला अशा हजारो गोष्टी ठरवायच्या असतात. नुसत्या ३० गोष्टी घेतल्या आणि प्रत्येकीला फक्त एक कमाल मर्यादा घातली, तरी कोपरे १०७ कोटींवर जातात!

अमेरिकेतल्या जॉर्ज डँट्झिग यांनी १९४७ मध्ये यावर ‘सिम्प्लेक्स’ ही रीत काढली. ती आकृतीच्या कडेकडेने एका कोपऱ्यावरून अधिक चांगल्या कोपऱ्यावर जाते. एरवी ती झपाट्याने उत्तर देते; पण मुद्दाम रचलेल्या काही उदाहरणांत तिला प्रत्येक कोपरा फिरावा लागतो, हे १९७२ मध्ये दाखवलं गेलं. १९७९ मध्ये रशियाचे लिओनिद खाचियान यांनी पायऱ्या आटोक्यात राहतील अशी हमी देणारी रीत दिली, पण ती प्रत्यक्ष वापरात फार संथ निघाली.

इथे आपला माणूस येतो. नरेंद्र करमरकर. ग्वाल्हेरच्या मराठी घरातला जन्म, १९७८ मध्ये मुंबईच्या आयआयटीतून पदवी, मग कॅलिफोर्नियात बर्कलेला रिचर्ड कार्प यांच्याकडे १९८३ मध्ये डॉक्टरेट. अमेरिकेच्या बेल लॅब्जमध्ये असताना १९८४ साली त्यांनी नवी रीत मांडली. कडेकडेने चालायचंच नाही. आकृतीच्या पोटातून सरळ उत्तराकडे जायचं. प्रत्येक पावलानंतर आकृती गणिताने अशी बदलून घ्यायची की आपण पुन्हा मध्यावर येतो आणि पुढचं पाऊल लांब टाकता येतं. हमीही मिळाली आणि वेगही. त्या वर्षी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ही बातमी पहिल्या पानावर छापली.

वादही झाले. कंपनीने १९८८ मध्ये या रीतीचं पेटंट मिळवलं, तेव्हा गणितावर मालकी कशी, असा प्रश्न उठला. रशियाच्या इल्या दिकिन यांनी १९६७ मध्येच याच्या जवळची कल्पना मांडली होती, हेही पुढे आलं. पण पोटातून जाण्याच्या वाटेकडे जगाचं लक्ष वळवलं ते करमरकरांनी. आज सिम्प्लेक्स आणि ही नवी वाट, दोन्ही वापरात आहेत. करमरकर पुढे मायदेशी परतले आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्राध्यापक झाले.

शेवटी एक घरची गोष्ट. माझ्या वडिलांनी एका वर्षी उसने पैसे काढून सगळ्या रानात कापूस लावला. हिशेब त्यांनी केला होता आणि बेरजेत चूक नव्हती. पाऊस मात्र आला नाही. ते कर्ज फिटायला कित्येक वर्षं गेली. म्हणून मी मुलांना सांगतो, रीत कितीही शहाणी असो, ती उत्तर देते ते आपण घातलेल्या आकड्यांचं. पाऊस कमी पडला तर काय, ही अटही आपणच लिहायची असते. वडिलांना ती कुणी सांगितली नव्हती.

त्या मुलाने हे सारं ऐकलं आणि विचारलं, ‘सर, मग आमच्या रानाचा हिशेब मांडायचा का?’ आम्ही वही उघडली. सगळ्यात वर त्याने लिहिलं, ‘पाणी’.