हिवाळ्यात सुरू होऊन बंद पडणारा डिझेल ट्रक : एक कारणमीमांसा

'थंडीत गाडी बंद पडते' ही ट्रकचालकांची नेहमीची तक्रार आहे. परंतु या एका वाक्यात दोन भिन्न तक्रारी दडलेल्या असतात. एक ट्रक पहाटे मुळीच सुरू होत नाही. दुसरा सुरू होतो, एक-दोन मिनिटे चालतो, अ‍ॅक्सिलरेटर दाबताच दम तोडतो आणि बंद पडतो. गॅरेजमध्ये बहुतेक वेळा दोघांनाही एकच औषध मिळते : पंप खोला, नोझल बदला. हा खर्च बव्हंशी चालक-मालकाच्या खिशातून जातो आणि पुष्कळदा तो अनाठायी असतो. प्रस्तुत लेखात फक्त दुसऱ्या तक्रारीचा विचार केला आहे. आपल्या महाविद्यालयांतील काही मुलांची घरे ट्रकवर चालतात आणि काही मुले पुढे गॅरेजमध्येच काम करतात. म्हणून हा विषय भौतिकशास्त्राच्या तासाला अगदीच परका ठरू नये.

डिझेल इंजिनात पेट्रोल इंजिनासारखी ठिणगी नसते. रुडोल्फ डिझेल यांनी १८९७ साली जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे जे इंजिन यशस्वी करून दाखवले, त्यात हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि तिच्यात फवारलेले इंधन आपोआप पेटते. गार इंजिनात ही उष्णता धातू शोषून घेतो, बॅटरी मंदावते, तेल घट्ट होते. म्हणून थंडीत सुरू होणेच अवघड असते. आता जो ट्रक सुरू झाला, त्याने ही कठीण परीक्षा पार केलेली आहे. बॅटरीने इंजिन फिरवले, हवा पुरेशी दाबली गेली, इंधन पेटले. त्यानंतर तो बंद पडत असेल, तर संशयाची पहिली जागा इंजिन नव्हे, तर टाकीपासून पंपापर्यंतची वाट होय. फिल्टर आणि पंपात रात्रभर राहिलेल्या थोड्याशा डिझेलवर इंजिन सुरू झाले, मागून नवे आले नाही, इतकाच त्याचा अर्थ.

मागून का आले नाही? येथे आपल्या भाषेचा उपयोग होतो. उर्दूत आणि ट्रकवाल्यांच्या हिंदीत डिझेलही 'जमते' आणि पाणीही 'जमते'. मराठीत मात्र तूप आणि खोबरेल तेल थिजते, पाणी गोठते. हा भेद येथे कामाचा आहे, कारण डिझेल थिजते. त्यात मिसळलेले पाणी गोठते. आणि दोन्हींवरचे उपाय निराळे आहेत.

डिझेलमध्ये मेणाच्या जातीचे घटक विरघळलेले असतात. तापमान उतरले की प्रथम त्यांचे बारीक स्फटिक बनून डिझेल धूसर दिसू लागते. या अवस्थेत ते अजून पातळ असते आणि टाकीत पाहिले तर काही बिघडल्यासारखे वाटत नाही. परंतु फिल्टरची छिद्रे अतिसूक्ष्म असल्यामुळे स्फटिक तेथे साचतात आणि वाट बुजते. त्याहून गार झाले तरच डिझेल वाहणे थांबते. म्हणजे ट्रक अडतो तो डिझेल पूर्ण थिजण्याच्या बराच आधी. भारतीय मानक आयएस १४६० याच कारणाने दोन वेगळ्या मर्यादा सांगते : फिल्टर बुजण्याची मर्यादा हिवाळ्यात ६ अंश व उन्हाळ्यात १८ अंश सेल्सिअस, आणि वाहणे थांबण्याची मर्यादा अनुक्रमे ३ व १५ अंश. या कमाल मर्यादा आहेत. प्रत्यक्ष डिझेल याहून चांगले असू शकते. तसेच मानकाच्या दृष्टीने हिवाळा म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ऑक्टोबरच्या अखेरीस हैदराबादेत किंवा बेळगावात टाकी भरून काश्मीरची सफरचंदे आणायला निघालेल्या ट्रकच्या पोटात उन्हाळी डिझेल असते. त्यातले जे उरेल, ते बनिहालपलीकडच्या पहिल्या थंड रात्रीपर्यंत त्याच्याबरोबर जाते. दोष कोणाचाच नाही, पण पहाटे ट्रक रस्त्यात उभा राहतो.

मेणाची खूण अशी की ऊन चढले की ट्रक निमूट चालू लागतो. जो बिघाड दहा वाजता स्वतःहून बरा होतो, त्यासाठी आठ वाजता पंप खोलू नये.

पाण्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. अर्धी रिकामी टाकी रात्री गार होते, आतल्या हवेतला दमटपणा भिंतींवर थेंब होऊन उतरतो आणि डिझेलपेक्षा जड असल्याने तळाशी बसतो. शून्याखाली हे पाणी नळीच्या सखल वळणात किंवा पाणी वेगळे करणाऱ्या भांड्यात गोठते. येथे डिझेल बदलून काही साधत नाही. मुक्कामाला टाकी भरून ठेवणे आणि भांड्याचा तळाचा स्क्रू सैल करून पाणी काढून टाकणे, एवढेच करायचे असते. हे काम संध्याकाळी, पाणी द्रव असतानाच करावे.

तिसरे कारण हवा. गॅरेजच्या भाषेत 'गाडीने एअर घेतली'. टाकी ते फीडपंप या भागात इंधन ओढले जाते, ढकलले जात नाही. म्हणून तेथील फट डिझेल गाळत नाही, हवा आत घेते. थंडीत रबरी नळ्या कडक होतात, जुने वॉशर नीट बसत नाहीत, रात्रभरात डिझेल टाकीकडे परत उतरते. बाहेरून सगळे कोरडे दिसल्यामुळे मिस्त्री फसतो. नळीचा एक तुकडा तात्पुरता पारदर्शक लावला तर बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. हा बिघाड दुपारच्या उन्हातही पूर्ण जात नाही, हा मेणापासूनचा फरक. टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र चिखलाने किंवा बर्फाने बुजले तरी ट्रक थोडा चालून थांबतो. झाकण उघडताच 'फुस्स' आवाज येतो आणि निदान होते.

या सर्वांना एकच स्वस्त कसोटी लागू पडते. स्वच्छ, कोमट जागी ठेवलेल्या डिझेलचा डबा घ्यावा, वेगळी नळी लावून फिल्टरच्या पुढे जोडावी, हवा काढावी आणि इंजिन चालवावे. चालत राहिले तर दोष मागे, टाकीच्या बाजूला आहे. तरीही बंद पडले तरच पंपाकडे वळावे. जुन्या यांत्रिक पंपाच्या गाड्यांना हे सरळ लागू आहे. एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियमांखाली आलेल्या नव्या ट्रकांत इंधनाचा दाब एक हजार बारच्याही वर जातो. त्यांची जाड नळी चालू इंजिनात सैल करणे म्हणजे हाताशी खेळ आहे, कारण ती धार कातडी भेदून आत शिरते. तेथे निदान यंत्रानेच करावे.

उपायांबाबत रस्त्यावर जे चालते, त्यातले बरेच घातक आहे. टाकीखाली शेकोटी करण्याची रीत लडाख-काश्मीरच्या वाटेवर जुनी आहे. हेतू बरोबर आहे, कारण उष्णतेने मेण विरघळते; परंतु रबरी नळ्या, वायरिंग आणि गळके सांधे ज्वाळेशेजारी येतात. फिल्टरभोवती कापड गुंडाळून गरम पाणी ओतणे तेवढेच परिणामकारक आहे. रॉकेल मिसळल्याने डिझेल कमी थिजते हेही खरे, पण रॉकेलला डिझेलसारखा वंगणगुण नाही. पंप आणि नोझल लवकर झिजतात, शिवाय ती कायद्याने भेसळ ठरते. रात्रभर इंजिन चालू ठेवणारे चालक चुकीचा तर्क करत नाहीत, कारण इंजिनातून परतणारे जादा डिझेल टाकी कोमट ठेवते. मात्र बंद केबिनमध्ये झोपलेल्या माणसाला धुराचा, किंवा आत पेटवलेल्या सिगडीचा, विषारी वायू जागे होऊ देत नाही.

खरा उपाय इंधनातच आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये इंडियन ऑइलने लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे हिवाळी डिझेल आणले. ते पानिपतच्या शुद्धीकरण कारखान्यात तयार झाले. त्या प्रदेशात शिरल्यावर जुने डिझेल टाकीत भरपूर असताना वरून हे थोडे ओतले, तर मिश्रण मधलेच काहीतरी बनते. म्हणून टाकी जवळजवळ रिकामी करून ते भरावे.

वर्गात हे दाखवणे सोपे आहे. एका परीक्षानळीत डिझेल, दुसरीत रॉकेल, तिसरीत खोबरेल तेल घ्यावे, जवळपास ज्योत नसावी. तिन्ही नळ्या बर्फ व मिठाच्या मिश्रणात उभ्या कराव्यात, तापमापक ठेवावा. खोबरेल सर्वांत आधी थिजेल. रॉकेल शेवटपर्यंत स्वच्छ राहील. डिझेल ज्या अंशाला धूसर होईल, तो अंश विद्यार्थ्यांनी फळ्यावर लिहावा आणि जानेवारीतील ग्वाल्हेर, श्रीनगर व द्रास यांच्या पहाटेच्या तापमानाशी ताडून पाहावा.